उकिरड्यावरची काळी छत्री

आषाढात पाऊस धरला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत बुरशीची पत्रं वाढतात. या वेळची पाच पत्रं शेण, उकिरडा आणि कुजणारं काड यांच्यावर उगवणाऱ्या अळंबीबद्दलची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली. मी 31 वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. अभ्यासक्रमात या मंडळींना जेमतेम दोन तास मिळायचे आणि त्याची मला कायम हळहळ वाटत आली. आज थोडी भरपाई करते.

प्रश्न : बाई, आमच्या गोठ्यामागच्या उकिरड्यावर पाऊस उघडला की सकाळी करड्या रंगाच्या नाजूक छत्र्या दिसतात. दुपारी बघावं तर काळा चिखल होऊन ओघळलेल्या असतात. सासूबाई म्हणतात, हे विषारी आहे, गुरांना बाधेल, फिनेल ओत. ओतू का?
— एक शेतकरी भगिनी, पाटण तालुका

उत्तर : ताई, फिनेल अजिबात ओतू नका. त्यानं छत्र्या जातील, पण ज्यांच्या जिवावर तुमच्या उकिरड्याचं खत होतं ते सगळं जितंजागतं जगही मरेल.

आधी एक काम करा. उद्या पहाटे बॅटरी घेऊन उकिरड्यावर जा आणि सासूबाईंनाही सोबत न्या. ज्या जागी काल काही नव्हतं तिथे बोटाच्या पेराएवढी पांढरट अंडी वर आलेली दिसतील. अंगावर कापसाच्या पिंजल्यासारखे खवले, बोट लावलं की निघून येणारे. उजाडेपर्यंत देठ वीतभर ताणतो, टोपी घंटेसारखी होते आणि मग छत्री उघडते. टोपी उलटी करून बघा. खाली पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पात्या असतात. त्या कडेला काळ्या, मध्ये करड्या आणि देठाजवळ अजून पांढऱ्या दिसतील. त्यातली एक छत्री उपटून घरात पांढऱ्या कागदावर ठेवा आणि स्वयंपाक करता करता तिच्याकडे लक्ष ठेवा. कड बाहेरच्या बाजूला वळू लागते, वळलेल्या कडेला काळा थेंब जमतो आणि तो टपकतो. जेवणं होईपर्यंत टोपीचा तळहाताएवढा विस्तार जाऊन देठावर नाण्याएवढी चकती उरते.

ही कूज नाही. छत्री स्वतःच स्वतःला विरघळवते. बाजारातल्या पांढऱ्या बटण अळंबीच्या पात्या खाली निमुळत्या असतात, त्यामुळे बीजाणू, म्हणजे बुरशीचं धुळीसारखं बारीक बी, सुटले की सरळ खाली पडायला वाट मिळते. या छत्रीच्या पात्या मात्र वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीच्या आणि अगदी दाटीनं बसलेल्या. मधोमध सुटलेला बीजाणू शेजारच्या पातीला चिकटून वायाच जायचा. म्हणून बीजाणू खालच्या कडेपासून पिकत जातात, पिकलेले हवेत सुटतात आणि रिकामी झालेली कड लगेच विरघळते. मग तिच्या वरची पट्टी मोकळी होते. असं कडेपासून देठाकडे सरकत काही तासांत सगळं आटोपतं. ज्या कायटिननं बुरशीच्या पेशींच्या भिंती बांधलेल्या असतात, तेच पचवणारी विकरं ती त्या घटकेला स्वतःच सोडते. आयुष्यभर शिकवूनही मला यातला नेमकेपणा दरवेळी नवा वाटतो.

तो काळा रस म्हणजे शाईच. युरोपात त्याची खरोखर लिहायची शाई करत, इंग्रजीतलं तिचं नावही त्यावरूनच पडलं. मी दर पावसाळ्यात एक छत्री वाटीत ठेवून तिच्या रसानं, बोरूनं, फळ्याशेजारच्या कागदावर 'बीजाणू' हा शब्द लिहायची आणि मग त्या अक्षराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. मुलं वाकून बघायची, तर अक्षर नाहीच. हजारो काळसर, लंबगोल दाणे, एका टोकाला अंकुर फुटण्यासाठी बारीक छिद्र असलेले. शब्दच त्या दाण्यांनी लिहिलेला.

या गटाला पूर्वी सरसकट 'कोप्रायनस' म्हणत. ग्रीक भाषेत 'कोप्रोस' म्हणजे शेण. 2001 साली डीएनएच्या आधारे या घराण्याची वाटणी झाली. बहुतेक शाईछत्र्या 'सॅथिरेलेसी' या कुळात गेल्या आणि उंच, झिपऱ्या खवल्यांची जी मूळ 'कोप्रायनस' होती ती बटण अळंबीच्या कुळात निघाली. म्हणजे विरघळण्याची युक्ती एकाहून अधिक घराण्यांना स्वतंत्रपणे साधली आहे. उकिरड्यावरची तुमची छत्री बहुधा 'कोप्रिनॉप्सिस' या प्रजातीतली असावी. तिची 'सिनेरिया' ही जात जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवतात आणि 2010 साली तिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तिचे तंतू 37 अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेला, सर्वांत जोमानं वाढतात. उकिरड्यात हात घातल्यावर लागते ती ऊब तिला मानवते.

तिला अमोनियाही चालतो. त्यामुळे या छत्र्या दिसल्या की समजा, खत अजून कच्चं आहे. तो उकिरडा एकदा वर-खाली करून घ्या, वरचं आत आणि आतलं वर. छत्र्या यायच्या थांबल्या, उग्र वास गेला आणि मुठीत घेतल्यावर मातीसारखं मोकळं झालं की शेतात न्या.

गुरांचं म्हणाल तर ती सहसा उकिरड्यावर तोंड घालत नाहीत. पण सासूबाईंची काळजी एका बाबतीत खरी आहे आणि ती त्यांना जरूर सांगा. गव्हाणीत हिरवी-काळी बुरशी चढलेला कडबा किंवा ढेप कधीही घालू नये. त्या बुरशी वेगळ्या. त्यांतल्या काहींची विषं यकृताला इजा करतात आणि दुधातूनही उतरतात. फिनेलच्या पैशात वैरणीवर टाकायला एक ताडपत्री घ्या.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. आमच्या म्हशीच्या शेणावर सकाळी काचेच्या केसांसारखं काहीतरी उगवलं होतं. प्रत्येक केसाच्या टोकाला काळा ठिपका. दुपारी ठिपके गेले होते. कुणी खाल्ले?
— एक विद्यार्थी, फलटण

उत्तर : बाळा, कुणी खाल्ले नाहीत, उडाले. तू जे पाहिलंस ते 'पिलोबोलस'. अर्थ आहे टोपी फेकणारा. 1784 साली टोडे नावाच्या जर्मन अभ्यासकानं हे नाव दिलं. ही शाईछत्रीची भावकी नाही, ती वेगळ्याच कुळातली बुरशी आहे. पण दोघी एकाच शेणावर नांदतात.

तो केस म्हणजे देठ. टोकाशी त्याला पाण्यानं भरलेला पारदर्शक फुगा असतो आणि फुग्यावर काळी टोपी. टोपी खसखशीच्या दाण्याहूनही लहान, तरी तिच्यात 15,000 ते 90,000 बीजाणू मावतात. फुग्यातला दाब वातावरणाच्या सुमारे साडेपाच पट असतो. तुमच्या घरच्या मोटारसायकलच्या चाकात हवा भरतात त्याच्या दुपटीहून जास्त. दाब असह्य झाला की फुगा टोपीखाली फुटतो, पाण्याची पिचकारी पुढे सुटते आणि तिच्याबरोबर टोपीही. सुटताना वेग सरासरी सेकंदाला 9 मीटर भरतो. एक-दोन सेंटिमीटर उंचीचा हा जीव आपली टोपी दोन मीटरपर्यंत लांब फेकतो.

आणि ती नेम धरून फेकतो. फुगा भिंगासारखं काम करतो. उजेड त्यातून गोळा होऊन तळाशी असलेल्या नारिंगी वलयावर पडतो. उजेड एका बाजूला पडला तर देठ वाकत वाकत सरळ उजेडाकडे तोंड करतो आणि मगच टोपी सुटते. सकाळचा उजेड म्हणजे मोकळं आकाश, म्हणजे समोर अडथळा नाही.

इतकी धडपड कशाला, ते तुला तुझ्या म्हशीकडे पाहून कळेल. चरताना गुरं शेणाच्या पोजवळचं गवत खात नाहीत. माळावर पोभोवती गवताचा गर्द हिरवा पुंजका राहतो, तो त्यामुळेच. बीजाणू तर गुराच्या पोटात जायलाच हवेत, तिथूनच ते ताज्या शेणासोबत बाहेर येणार. म्हणून टोपी त्या पुंजक्यापलीकडे पडावी लागते. टोपीचा तळ चिकट असतो, गवताच्या पात्यावर आदळली की डकते. ते पातं एखादी गाय खाते आणि फेरा पुरा होतो. या बुरशीचा गाईला काही त्रास नाही. मात्र 1962 साली एक विलक्षण गोष्ट छापून आली. गाईगुरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताची पिल्लं शेणातून निघून पिलोबोलसच्या देठावर चढतात, टोपीवर बसतात आणि तिच्याबरोबरच उडून गवतावर जातात.

आता घरी करून बघ. घरच्यांना विचारून, हातमोजे घालून, त्याच दिवसाचं ताजं शेण घे. काचेच्या रुंद बरणीत ओला टीपकागद किंवा वर्तमानपत्र अंथर आणि त्यावर शेणाचा गोळा ठेव. झाकण सैल लाव. बरणी खिडकीपाशी ठेव, पण थेट उन्हात नको. घोड्याची लीद मिळाली तर उत्तमच. आमची सहल पाचगणीला गेली की मुलं टेबललँडवरून भेळेबरोबर लिदीच्या पिशव्याही आणायची, आणि बसचालक त्या पिशव्या टपावर बांधायला लावायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी, लोकरीसारखी बुरशी दिसेल. आठवड्याच्या आत पिलोबोलस. तेव्हा बरणीला बाहेरून काळा कागद गुंडाळ आणि एका बाजूला चार आण्याएवढं भोक ठेव. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद काढशील तर काळे ठिपके त्या भोकाच्या जागीच काचेवर गर्दी करून बसलेले दिसतील. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला घर शांत असेल तर झाकणाला कान लावून बस. टोपी काचेवर आदळताना बारीक 'टिक्' ऐकू येतं. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा बावीस वर्षांची होते. घड्याळ समजून ते मनगटावरून काढून बाजूला ठेवलं, तरी आवाज चालूच राहिला.

बरणी लगेच टाकू नकोस. पुढच्या आठवड्यांत मोहरीएवढ्या पिवळसर बशा दिसतील, त्या 'ॲस्कोबोलस'. त्यांच्यानंतर शाईछत्र्या. पुस्तकात लिहिलेलं असतं की साखर संपली की एक बुरशी जाते आणि काष्ठ पचवणारी दुसरी येते. ते अर्धंच खरं आहे. सगळ्यांचे बीजाणू शेणात पहिल्या दिवसापासून असतात आणि बहुतेक लवकरच रुजतातही. फक्त कुणाला फळ धरायला पाच दिवस पुरतात, कुणाला तीन आठवडे लागतात. शिवाय शाईछत्र्या शेजाऱ्यांना सुखानं राहू देत नाहीत. 1970 साली दाखवलं गेलं की शाईछत्रीच्या एका जातीचा तंतू ॲस्कोबोलसच्या तंतूला नुसता टेकला तरी ॲस्कोबोलसची ती पेशी मरते. तुझ्या बरणीत छत्र्या आल्यावर बाकीच्यांचं काय होतं, ते तारखेवार वहीत लिहून मला पाठव. मी वाट बघते.

प्रश्न : सोयाबीनच्या काडावर धिंगरी अळंबी लावली आहे. 30 पैकी 9 पिशव्यांत धिंगरीच्या आधी लांब देठाच्या काळ्या छत्र्या आल्या. स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं, खराब दिलं का? कोणतं औषध फवारू?
— एक तरुण उत्पादक, दिंडोरी

उत्तर : भाऊ, स्पॉनवाल्याला दोष देण्याआधी काड तपासा. या त्याच शाईछत्र्या. त्यांचे बीजाणू काडासोबतच येतात आणि काड नीट तापलं नाही, पाणी जास्त राहिलं किंवा नत्र जास्त असलं की धिंगरीच्या आधी डोकं वर काढतात. पीक चांगलं यावं म्हणून काडात कोंबडखत किंवा युरिया मिसळण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर तो मानू नका. त्यातून अमोनिया सुटतो, आणि तो धिंगरीला नको असतो, हिला चालतो.

पुढच्या वेळी यंदाचं, पावसात न भिजलेलं, पिवळंधमक काड घ्या. भिजवून 80 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर पूर्ण बुडवून ठेवा. वर तरंगणारं काड कोरडं राहतं आणि तेच घात करतं, म्हणून त्यावर वजन ठेवा. मग निथळू द्या. मूठभर काड घट्ट पिळलं तर थेंब पडू नये, पण तळहात ओला व्हावा. पिशवी भरायची ती तेव्हाच. खोलीत हवा खेळती हवी आणि उष्णता 20 ते 28 अंशांत.

आता आलेल्या छत्र्यांवर काहीही फवारू नका. त्याच पिशवीतून तुम्ही लोकांना खायचं देणार आहात. त्या उमलण्याआधी, कोवळ्या असतानाच, देठासकट उपटा आणि खोलीपासून लांब खड्ड्यात पुरा. शाई गळू दिलीत तर पुढच्या पिशव्यांचं बी तुम्हीच पेरलंत. त्या 9 पिशव्या वेगळ्या ठेवा, फेकू नका. काडातला अमोनिया संपला की शाईछत्री मागे हटते आणि उशिरा का होईना, बऱ्याच पिशव्यांत धिंगरी धरते.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात सात्या ही रानातली अळंबी आवडीनं खातात. गेल्या वर्षी शेजारच्यांनी गोठ्याजवळच्या राखाडी छत्र्या शिजवून खाल्ल्या, घरच्या सगळ्यांना पचल्या, फक्त दारू घेतलेल्या काकांचं तोंड लाल झालं, छाती धडधडली, उलट्या झाल्या. चांदीचं नाणं टाकून तपासलं होतं, काळं पडलं नव्हतं. असं कसं?
— एक वाचक, गोंदिया जिल्हा

उत्तर : काका वाचले हे महत्त्वाचं. तुमच्या वर्णनावरून ती शाईछत्रीची 'ॲट्रामेंटारिया' ही जात असण्याची शक्यता मोठी आहे. तिच्यात 'कोप्रिन' नावाचं द्रव्य असतं. 1975 साली ते स्वीडन आणि अमेरिका अशा दोन ठिकाणी वेगवेगळं शोधलं गेलं. दारू पोटात गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी असतं, पण यकृतातलं एक विकर त्याचं लगेच निरुपद्रवी द्रव्य करतं. कोप्रिन पोटात गेल्यावर त्यातून जे निघतं ते या विकरालाच अडवतं. मग ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचतं. तोंड-मान लाल होणं, धडधड, डोकं ठणकणं, उलट्या हे सगळं त्याचंच. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर डायसल्फिरामची गोळी देतात, तिचं कामही याच तऱ्हेनं चालतं. म्हणून दारू न घेतलेल्यांना काही झालं नाही. आणि छत्री आज खाल्ली, दारू दोन दिवसांनी घेतली, तरी हा त्रास होऊ शकतो. हृदयविकार असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. असं पुन्हा कुणाला झालं तर घरी लिंबूपाणी पाजत बसू नका, दवाखान्यात न्या आणि उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत न्या.

चांदीच्या नाण्याची परीक्षा खोटी आहे. लसूण काळा पडतो का, तांदूळ रंग बदलतात का, किडे खातात का, याही तितक्याच खोट्या. अळंबीतल्या विषांचा चांदीशी काही संबंध नाही. या एका समजुतीपायी घरंच्या घरं दवाखान्यात गेली आहेत, म्हणून मी हे मोठ्या आवाजात सांगते. शेणावरच्या आणि गोठ्याजवळच्या कोणत्याही छत्र्या खाऊ नका. शाईछत्रीशेजारीच तिथे लहान, घंटेसारख्या टोपीच्या इतर जाती उगवतात आणि त्यांतल्या काही माणसाला भ्रम घडवतात.

सात्यांची गोष्ट वेगळी. त्या तुमच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या ओळखून आणलेल्या. वारुळाच्या जागी येतात आणि देठ मुळासारखा लांब खाली वाळवीच्या घरापर्यंत उतरतो. गोव्यात याच गटाला रोणावरची अळमी म्हणतात. वाळवी लाकूडपाला खाते, त्याची विष्ठा रचून बुरशीची बाग करते आणि त्या बागेतून सात्या वर येतात. म्हणजे सात्याही एका अर्थी शेणावरच्याच, फक्त ते शेण वाळवीचं. तरी ज्या बाई जंगलातून वर्षानुवर्षं सात्या आणतात त्यांच्याचकडून घ्या, आणि शंका आली तर ती टोपली परत करा.

प्रश्न : मी दर आठवड्याला तुळशीपुढचं अंगण शेणानं सारवते. शेणावर एवढं सगळं उगवतं, मग माझ्या सारवलेल्या अंगणात छत्री का येत नाही?
— एक आजी, फोंडा, गोवा

उत्तर : आजी, बीजाणू तुमच्या अंगणातही असतातच. पण सारवण असतं नखाएवढ्या जाडीचं. ते उन्हात तास-दोन तासांत वाळतं आणि ओल गेली की तंतू पुढे सरकत नाही. छत्री उभी राहायला खाली पोटभर अन्न आणि काही दिवसांची ओल लागते. पोमध्ये दोन्ही असतात, सारवणात दोन्ही नाहीत. गोवऱ्यांचंही तसंच. चैत्र-वैशाखात थापलेली गोवरी कडक वाळते आणि वर्षभर टिकते.

माझ्या आजीचा जावळीतल्या घरामागे गोवऱ्यांचा हुडवा होता, वरून शेणामातीनं लिंपलेला. एका पावसाळ्यात त्याला मागच्या बाजूनं भेग पडली, कुणाच्या लक्षात आली नाही. श्रावणात आजी गोवऱ्या काढायला गेली आणि तिनं मला हाक मारली. भेगेतून पाणी उतरलं होतं तेवढ्याच वाटेनं, वरपासून खालपर्यंत, करड्या छत्र्यांची एक सरळ ओळ उभी होती. दोन्ही बाजूंच्या गोवऱ्या कोरड्या. आजीनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, भेग कुठून कुठवर गेली ते पाहिलं आणि मला शेण कालवायला पाठवलं.